जुनी पिकअप घ्यावी की न घ्यावी?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात दोन गोष्टींची चौकशी सुरू होते. एक बोअर पाडण्याची आणि दुसरी जुन्या गाडीची. बोअरबद्दल मागे पुष्कळ लिहून झाले आहे. अलीकडे मात्र गटात कुठेही गेलो तरी बेण्याची आणि खोडव्याची गोष्ट बाजूला राहते आणि "साहेब, एक पिकअप हाय, बारा वर्षांची, तीन लाखाला देतो म्हणतोय, घेऊ का?" हा प्रश्न पुढे येतो. आम्ही शेतकी खात्याची माणसे, गाड्यांचे मिस्त्री नव्हे. परंतु ऊस किती लावायचा हे जसे विहिरीचे पाणी मोजून ठरवतात, तसे गाडीचेही मोजमाप करता येते. ते सभासदांपुढे मांडावे असे आम्हाला वाटते.

गाडी नकोच, असे म्हणणारे आम्ही नाही. पूर्वी मॅटॅडोर, मग १९८६ साली आलेली ४०७, पुढे २००५ साली निघालेला 'छोटा हत्ती' आणि आता जिकडेतिकडे दिसणारी बोलेरो पिकअप, या गाड्यांनी शेतकऱ्याचा माल पहाटेच्या आत बार्शी, सोलापूर, लातूरच्या बाजारात नेऊन टाकला. दुधाचे कॅन, कोथिंबिरीच्या जुड्या, खताच्या गोण्या, बेण्याच्या मोळ्या, सारे त्यात जाते. प्रश्न एवढाच, की आपल्या घरचे काम त्या गाडीला वर्षातून किती दिवस पुरेल?

नमुन्यादाखल हिशोब करू. गाडी तीन लाखाला घेतली आणि पाच वर्षांनी सव्वा लाखाला विकली, तर वर्षाला ३५,००० रुपये घट. तीन लाखावर शेकडा १२ प्रमाणे व्याज ३६,०००. (पैसे घरचे असले तरी व्याज धरावेच, ते पैसे दुसरीकडे कामाला आले असते.) तिसऱ्या पक्षाचा विमा अशा मालगाडीला २०२२ साली १६,०४९ रुपये ठरला, वर कर; म्हणजे सुमारे १७,००० धरा. टायर व दुरुस्ती ३६,०००, पासिंग, कर, पीयूसी मिळून ६,०००. बेरीज झाली १,३०,०००. ही गाडी दारात उभी राहिली तरी लागणारी रक्कम आहे, डिझेल आणि ड्रायव्हर अजून वेगळेच. आता गाडी वर्षात ६० दिवस फिरली तर दिवसाला २,१६६ रुपये पडले. २०० दिवस फिरली तर ६५०. गावात भाड्याने पिकअप काय भावाने मिळते ते ज्याला त्याला ठाऊक आहे, त्यांनी ताडून पाहावे. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला अडीच हजार हाती आले असे धरले, तर १,३०,००० म्हणजे ५२ टन ऊस. आपल्याकडचा एक-दीड एकराचा ऊस दरसाल त्या गाडीने खाल्ला!

दुसरी अडचण हप्त्याची. फायनान्सवाल्याचा हप्ता दर महिन्याला येतो, उसाचे बिल वर्षातून एखाद-दोन वेळा. आडसालीला तर सोळा-अठरा महिने थांबावे लागते. रोजचे दूध किंवा भाजीपाला ज्याच्या घरी आहे त्याचे गाडे चालते. निव्वळ उसावर बसलेल्याने जुन्या गाडीचे कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या गाडीला व्याजही नवीपेक्षा चढेच लावतात.

वय किती चालेल? आम्ही आठ वर्षांची रेघ ओढतो, आणि ती मनाने नव्हे. मालगाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी असते, त्यानंतर दरवर्षी. महाराष्ट्रात आठ वर्षांवरील मालगाडीला पर्यावरण कर २०१० पासून आहे. पंधरा वर्षांपुढे पासिंगची फी फार वाढते. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सरचा कारभार जास्त, त्या गावच्या मिस्त्रीच्या हाताला लवकर लागत नाहीत. म्हणून २०१७ ते २०२० या काळातली, एकाच मालकाच्या हातची गाडी मिळाली तर वयाने थोडी पुढे गेली असली तरी आमचे मन तिकडे झुकते. बारा-पंधरा वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण पहिल्याच वर्षी गॅरेजात तिची खरी किंमत कळते.

कागदाच्या बाबतीत मात्र आपली माणसे फारच भोळी. "पावणा हाय, कागद नंतर करू" असे म्हणतात आणि ते नंतर कधी होत नाही. गटातील एका सभासदाने गाडी घेतली, पैसे दिले, आणि वर्षाने कळले की आधीच्या मालकाचा बोजा उतरलेलाच नाही. गाडी एका सकाळी कर्जवाल्यांनी ओढून नेली. तेव्हा आर.सी. बुकावर बोजा आहे का ते आधी पाहावे. असल्यास कर्ज देणाराची ना हरकत आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नये. नावावर करण्यास फॉर्म २९ व ३० लागतात, आणि घेणाराने ३० दिवसांत अर्ज करावयाचा असतो. गाडी एम.एच. २५ ची नसेल, तर तिकडच्या कार्यालयाची ना हरकत हवी. दिल्ली भागात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात विकायला निघतात. त्यांचा इथला कर आणि खेपा धरल्यावर स्वस्ताई उरते का, हे बघावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा पाटी बसली आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे मोबाईलवर नंबर टाकून पाच मिनिटांत दिसते. घरातल्या शाळकरी पोराला सांगितले तरी काढून देईल.

विकणारांनीही ऐकावे. नाव बदलले नाही आणि पुढे अपघात झाला, तर कागदोपत्री मालकच जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले आहे. गाडी गेली, पैसे खर्च झाले आणि समन्स मात्र आपल्या दारी, असे होऊ शकते.

गाडी पाहायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्यावा, विकणाराचा नव्हे. त्याची पाचशे-हजार मजुरी द्यायला कचरू नये. सकाळी, इंजिन थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर चहा पिऊन परत यावे. पहिल्या सेल्फला लागते का, निळा धूर येतो का, ऑइलचे झाकण काढल्यावर आतून धापा टाकते का, ते पाहावे. हौद्याखाली वाकून चासीला वेल्डिंग किंवा चीर आहे का ते हाताने चाचपावे. मागचे पाटे वाढवलेले दिसले तर ती गाडी जन्मभर जास्त माल ओढत आली आहे असे समजावे. नव्या रंगावर जाऊ नये.

आणि एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात परंडा, भूम भागांत पाणी घराघरांत शिरले. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येऊ शकतात. सीटखालची लोखंडी पट्टी, दाराच्या आतल्या खाचा आणि वायरिंगचे जोड पाहावेत. तिथे गाळाची रेघ किंवा हिरवट गंज असेल तर गाडी कितीही गोड बोलली तरी हात लावू नये.

गाडी घेतल्यावर नवरात्रात तुळजापूरला हौदा भरून माणसे नेण्याचा मोह होतो. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, हा २००३ चा निकाल आहे. देवीला जाताना एस.टी.ने जावे. लायसनची चिंता मात्र कमी झाली. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालविता येते, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरले आहे. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही.

ज्यांचे काम वर्षात साठ-सत्तर दिवसांचेच आहे, त्यांच्यासाठी आम्हाला एक मार्ग बरा वाटतो. एकाच शिवारातल्या तिघा-चौघा दूधवाल्या, भाजीवाल्या सभासदांनी मिळून एक बरी गाडी घ्यावी. नाव एकाचे, पण खर्चाची वही आणि वाराची वाटणी आधी स्टँपवर लिहून. भावकीत तोंडी ठरलेले तोंडातच राहते. कोणाला गाडीचे कागद वाचून घ्यायचे असतील, तर बाजारच्या दिवशी गट ऑफिसला आर.सी. ची झेरॉक्स घेऊन यावे. आम्ही किंवा आमचे चिटबॉय वाचून दाखवू. विसार देण्याआधी यावे.