मोटारीला निवारा, माणसाला वनवास

मुंबईत मोटारवाला घर निवडतो तेव्हा त्याचे प्रश्न ठरलेले असतात: सागरी मार्ग किती मिनिटांवर आणि इमारतीत मोटारींना जागा किती? त्याचा हिशेब बिनचूक असतो. किंमत मात्र इतरांनी मोजलेली असते.

२०२४ साली खुल्या होऊ लागलेल्या त्या मार्गावर महापालिकेने १३,००० कोटी रुपयांहून अधिक खर्च केला. तेथे दुचाकीला मज्जाव आहे. बसला मुभा आहे हे खरे. परंतु बेस्टच्या स्वतःच्या गाड्यांचा ताफा वर्षानुवर्षे आटतो आहे. पैसा सर्वांचा, वाट मात्र मोटारवाल्याची!

गिरणगावात हेच घडले. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा सार्वजनिक घरांसाठी द्यावा, असा नियम १९९१ साली झाला. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला. आज तेथील मनोऱ्यांत मजल्यांवर मजले मोटारींना मिळाले आहेत आणि गिरणी कामगारांचे असंख्य वारस घरासाठी ताटकळत आहेत. त्यांना निवडीचा अधिकार नाही. परवडेल तेथे, विरार-कर्जतकडे, त्यांनी जावे आणि लोकलला लोंबकळत परतावे.

मोटारींसाठी मजले उभारणाऱ्या शहराने जागेच्या टंचाईची सबब सांगू नये. टंचाई जागेची नाही, न्यायाची आहे.