मदत सातबाऱ्याला, नुकसान बटईदाराला

कापडाच्या दुकानात बसणाऱ्याने शेतीवर का लिहावे, असे कोणी विचारील. मराठवाड्यात तालुक्याच्या बाजाराचा गल्ला शेतकऱ्याच्या खिशाला बांधलेला आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेले आणि आमच्या उधारीच्या वह्याही त्याबरोबर भिजल्या.

७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. आकडा मोठा आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा हिसाब पाहा. ठरलेल्या निकषाप्रमाणे हेक्टरी ८,५०० रुपये, त्यावर रब्बीसाठी १०,००० रुपये. दोन्ही मिळून एकरी साडेसात हजारांच्या आतच. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे बुडालेल्या एकरामागे दीड क्विंटलचेही पैसे आले नाहीत. मदत म्हणजे भरपाई नव्हे, हे मान्य. माझी तक्रार रकमेपेक्षा ती कोणाच्या नावावर पडते याबद्दल आहे.

पंचनामा तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून करतात. पीक कोणाचे बुडाले ते त्यांना डोळ्यांनी दिसते. पैसे मात्र सातबाऱ्यावरच्या खातेदारालाच जातात. माझा एक वीस वर्षांचा गिऱ्हाईक सहा एकर बटईने करतो. बी-खत निम्मे त्याचे, मेहनत सगळी त्याची. मालक शहरात राहतो, मदत त्याच्या खात्यावर जमा झाली. मी म्हटले, निम्मे माग. तो म्हणाला, "चाचा, मागितले आणि पुढच्या साली जमीन दुसऱ्याला दिली तर?" बटई तोंडी असते. कूळ लागेल या भीतीने मालक कागद करत नाही, आणि कागद नाही म्हणून पीकविम्याचे दारही बटईदाराला बंद. आपल्या समाजात भूमिहीन आणि बटईदार किती आहेत ते सांगायला नको. पंचनाम्याच्या अर्जात कसणाऱ्याच्या नावाचा एक रकाना वाढवायला सरकारला कितीसा खर्च येणार आहे?

दुसरा घोळ आपल्याच घरातला आहे. कितीतरी सातबाऱ्यांवर अजून इंतकाल झालेल्या आजोबांचे नाव चालते. कुठे भावांची नावे लागली तर बहिणींची गाळली. विरासतीत बहिणीचा हिस्सा शरीयतने ठरवून दिला असताना फेरफारात तिला विसरणारे आपणच. मग मदतीच्या वेळी सामायिक खातेदारांचे संमतीपत्र लागते. एक भाऊ मुंबईत, एक दुबईत, बहीण नाराज. पैसे अडकतात आणि शिव्या तलाठ्याला. मयत खातेदारांच्या वारसांची नोंद व्हावी म्हणून शासनाने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली होती. तेव्हा जे तलाठ्याकडे गेले नाहीत, त्यांनी आता तरी मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे घेऊन जावे. सर्व वारसांची, हे पुन्हा लिहितो.

आता व्यापारी बांधवांविषयी. मदतीच्या रकमेतून कर्जवसुली करू नका, असे शासन आपल्या आदेशात बँकांना बजावते. आपल्या वहीला असा आदेश कोणी देत नाही. पैसे जमा झाल्याची बातमी आली की आपली पोरे मोटारसायकलवर गावोगाव निघतात. मीही पूर्वी पाठवली आहेत. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी, हे आपण मदरशात लहानपणीच शिकलो, आणि दुकानात बसल्यावर विसरलो.

त्या साली ज्वारी-हरभऱ्याची पेरणी होईपर्यंत मी वही उघडली नाही. शेजारच्या दुकानदाराने हसून विचारले, एवढी ऐपत कधी आली? ऐपत कुठली, घाऊकवाल्याचे पैसे माझ्याकडेही थकले होते. त्याच्याकडून दोन महिने मागून घेतले, तेच पुढे गिऱ्हाइकाला दिले.