हात दाखवून अवलक्षण

मंडळी, गेले दोन महिने मी एक दागिना मिरवतेय. काळ्या रंगाचा, तीन वेल्क्रोचा, उजव्या हातात. लिफ्टमध्ये, रिक्षात, भाजीवालीकडे, सगळीकडे एकच प्रश्न. "काय गं, पडलीस का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून आता एकदाच लिहून टाकते.

पडले नाही. टाइप केलं, कपडे पिळले, चावी फिरवली. बस, एवढंच. एका रविवारी कुकरचं झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळापासून थेट कोपराकडे एक कळ गेली आणि मी झाकण टाकून मटकन खालीच बसले. सोमवारी दोन डेडलाइन्स होत्या. फ्रीलान्सरचं हातावर पोट असतं हे आपण नुसतं बोलायचं म्हणून बोलतो. त्या दिवशी मला ते शब्दशः कळलं. हात चालला नाही तर महिन्याचं भाडं कुठून येणार?

मग मी तेच केलं जे आपण सगळे करतो. बाम चोळला, दोन दिवस वाट पाहिली आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. "मनगटाला लावायचं काहीतरी द्या." "साइझ?" "मीडियम असेल बहुतेक." टी-शर्ट घ्यावा तसा पट्टा घेतला. मऊ, इलॅस्टिकचा. चोवीस तास लावला, झोपतानासुद्धा. चौथ्या दिवशी बोटं सुजली, मनगटावर वळ उठले आणि अंगठा होता तसाच ठणकत राहिला.

अर्थातच मी ठरवलं की पट्टा स्वस्तातला होता म्हणून असं झालं. रात्री जागून ऑनलाइन शोधलं, सगळ्यात जास्त स्टार असलेला, आतून धातूची पट्टी असलेला 'हेवी ड्यूटी' ब्रेस मागवला. मनगट एकदम फळीसारखं ताठ! पण टाइप करताना ते वळेना, म्हणून कोपर वर, खांदा वर. संध्याकाळपर्यंत हाताबरोबर मानही धरली. वर तोच घालून स्कूटर काढली. पहिल्याच सिग्नलला लक्षात आलं की ब्रेकवर बोटं नीट बसतच नाहीयेत. तिथून स्कूटर ढकलत घरी आणली. तुम्ही हा प्रयोग करू नका.

शेवटी कॉलेजमधल्या मैत्रिणीला फोन केला. ती फिजिओथेरपिस्ट आहे. मी दोन्ही पट्टे तिच्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, "यातला कुठला चांगला?" तिने पट्ट्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "दुखतं कुठे? एका बोटाने दाखव."

मी अंगठ्याखालचं हाड दाखवलं. तिने मला अंगठा मुठीत धरायला लावला आणि मूठ हळूच करंगळीच्या दिशेने झुकवली. मी जी किंचाळले, ती बाहेरच्या पेशंट्सनी नक्की ऐकली असणार.

"डी क्वेरव्हेन," ती म्हणाली. फ्रिट्झ डी क्वेरव्हेन नावाच्या स्विस सर्जनने १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं होतं. अंगठा हलवणारे दोन स्नायुबंध मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं अस्तर जाड झालं की प्रत्येक हालचालीला घासतं. दिवसभर बाळ उचलणाऱ्या नव्या आयांना हे हमखास होतं. मला बाळ नाही, पण कपडे पिळण्यापासून फोनवर मजकूर बडवण्यापर्यंत सगळी कामं मी एकाच अंगठ्याकडून करून घेत होते. आणि माझे दोन्ही पट्टे? दोघांनीही मनगट धरलं होतं आणि अंगठा मोकळा सोडला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

तर मंडळी, आपण चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कुठल्या कंपनीचा, केवढ्याचा, कुठल्या रंगाचा, हे सगळं नंतर. आधी ठरवायचं की या पट्ट्याकडून काम काय करून घ्यायचंय.

मऊ, इलॅस्टिकचा किंवा निओप्रीनचा पट्टा थोडी ऊब देतो, थोडा दाब देतो आणि 'जरा सांभाळून' अशी आठवण करून देतो. बरं होत आलेलं मनगट घेऊन बॅडमिंटनला परत जाताना तो ठीक आहे. मनगट वळणं मात्र तो थांबवत नाही. ते थांबवायला धातूची पट्टी असलेला स्प्लिंट लागतो. मुरगळल्यावर काही दिवस किंवा बोटांना रात्री मुंग्या येत असतील तर झोपताना. आणि दुखणं माझ्यासारखं अंगठ्याच्या मुळाशी असेल तर अंगठ्यालाही कवेत घेणारा, 'थंब स्पायका' म्हणतात तो.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. हातावर पडलात आणि अंगठ्यामागच्या खळग्यात दुखतंय, तर दुकानातून पट्टा आणून स्वतःच निकाल लावू नका. तिथल्या छोट्या हाडाचं फ्रॅक्चर कधीकधी पहिल्या एक्स-रेमध्ये दिसतच नाही. सरळ डॉक्टरांकडे जा.

आता साइझ. 'मीडियम असेल बहुतेक' चालत नाही. शिंप्याची टेप मनगटाभोवती फिरवा आणि खोक्यावरच्या सेंटिमीटरशी ताडून बघा. डावा-उजवाही बघा. घातल्यावर पट्ट्याची कड तळहातावरच्या हृदयरेषेच्या आधी संपली पाहिजे, म्हणजे बोटं पूर्ण मिटतात. (ज्योतिषाचा इतका तरी उपयोग!) वेल्क्रोखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. बोटं गार पडली, निळसर झाली किंवा बधिर वाटली तर सैल करा. आत पातळ सुती बाही घाला, नाहीतर मे महिन्यात घामाने पुरळ उठेल. धुताना धातूची पट्टी काढून ठेवा.

आणि हो, चोवीस तास नाही. सतत बांधून ठेवलेला सांधा आखडतो आणि स्नायू आळशी होतात. माझ्या मैत्रिणीने मला तासांचं वेळापत्रक दिलंय, मध्ये काढून करायचे व्यायाम दिलेत. शिवाय तिने ऑर्डर सोडली, "बेडवर लॅपटॉप बंद. वेगळा कीबोर्ड घे, कोपराच्या उंचीवर ठेव." कारण टेबल चुकीचं असेल तर पट्टा बिचारा काय करणार?

इथे हा कॉलम संपायला हवा होता. पण त्या रात्री मी हे सगळं रामायण साताऱ्याला आईला फोनवर सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "एवढंच ना? माझा हात तर रोज रात्री मरतो. झटकला की येतो जिवंत."

"कधीपासून?"

"झाली असतील सात-आठ वर्षं."

आणि मला एकदम आठवला तो आवाज. सुट्टीत घरी गेले की रात्री अंधारात बांगड्या किणकिणायच्या. मला वाटायचं, आई डास मारतेय.

तिला बधिरपणा येतो अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात. करंगळी शाबूत. म्हणजे मनगटातल्या बोगद्यातून जाणारी मधली नस दाबली जातेय. कार्पल टनेल. (बधिरपणा करंगळीत असेल तर ती नस वेगळी. ती बहुतेक वेळा कोपराशी अडकते, तिथे मनगटाचा पट्टा उपयोगाचा नाही.) झोपेत आपण नकळत मनगट दुमडतो, बोगद्यातला दाब वाढतो आणि जाग येते. म्हणूनच यात रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट देतात. ताठ म्हणजे मागे वाकलेला नव्हे. बाजारातल्या अनेक पट्ट्यांमधली धातूची पट्टी मागे वळलेली येते, ती जाणकाराकडून सरळ करून घ्यायची. साधारण सहा आठवडे लावून बघतात.

मी लगेच माझा 'हेवी ड्यूटी' ब्रेस कुरियर करायला निघाले. तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, "थांब. त्यांना साडीची पिन स्वतः लावता येते का, विचार."

विचारलं. फोनवर जरा शांतता. मग, "गेल्या दिवाळीपासून तुझे बाबा लावतात."

पुढच्याच एस.टी.ने गेले. आईच्या उजव्या अंगठ्याखालचा उंचवटा सपाट झालाय. इतकी वर्षं तिच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, तो हात कधी निरखून पाहिला नव्हता. डॉक्टरांनी नसेची तपासणी केली, थायरॉइड आणि साखरही बघितली, कारण या दोन्हींमुळेही हा त्रास वाढतो. निकाल असा की डाव्या हाताला रात्रीचा पट्टा, आणि उजव्याची वेळ निघून चाललीय, तिथे पट्ट्याने भागणार नाही. छोटं ऑपरेशन, पुढच्या महिन्यात. मुंग्या थांबतील. गेलेली ताकद किती परत येईल, ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"आधी का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"तुम्ही सगळे कामात," ती म्हणाली. "आणि उगाच कशाला हात दाखवून अवलक्षण!"

तर आता आमच्या घरात दोन पट्टे आहेत. माझा दिवसाचा, तिचा रात्रीचा. आईला ऑपरेशनची भीती नाहीये, पोळ्या कोण लाटणार याची चिंता आहे. मी म्हटलंय, मी लाटेन. मैत्रीण म्हणालीय, अजिबात नाही. बाबा म्हणालेत, मी शिकतो. बघू.

तुम्ही आज घरी फोन कराल तेव्हा 'जेवलीस का'च्या पुढे एक प्रश्न विचारा. "रात्री हात झटकायला उठतेस का गं?" उत्तर 'हो' आलं तर पट्टा पाठवू नका. आधी स्वतः जा आणि हात बघा.