'एकही झाड तोडलं नाही' एवढं पुरेसं आहे का? जंगलातल्या स्टीलच्या उंच वाटेमागचं इंजिनिअरिंग

३० मार्च २०२५ ला मुंबईत मलबार हिलवर उंचावरची निसर्गवाट सुरू झाली. तेव्हापासून माझ्या फीडमध्ये तीच आहे. काचेच्या मजल्यावर उभं राहून खाली बघणारे पाय, मागे गिरगाव चौपाटी आणि खाली कमेंट: 'आमच्या गावातल्या टेकडीवर पण असं करा ना!'

मीही जाऊन आलो. कमला नेहरू उद्यानाजवळची ही वाट ४८५ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद आहे. मुंबई महापालिकेने ती सिंगापूरच्या धर्तीवर केली. भारतीयांना २५ रुपयांचं तिकीट, ऑनलाइन बुकिंग, तासाभराचा स्लॉट. सगळे समोर बघत होते आणि मी कठड्यावरून वाकून खाली बघत होतो. खांब कुठे रोवलेत, मुळांपासून किती लांब आहेत, मजल्यातून खाली उजेड जातो का, हे मला बघायचं होतं.

अशी वाट जंगलाला वाचवते की हळूहळू मारते, ते या खालच्या गोष्टींवर ठरतं. आणि 'आमच्याकडे पण करा' म्हणण्याआधी त्या कळायला हव्यात.

एक टेकडी, एक बोर्ड, एक करंज

मला हे का खुपतं ते सांगतो. मी लहानपणापासून ज्या टेकडीवर जातो, तिथे काही वर्षांपूर्वी चालायचा 'निसर्गपथ' झाला. नाव घेत नाही, कारण अशा टेकड्या सगळीकडे आहेत. दोन्ही बाजूंना चर खणले, काँक्रीट ओतलं, वर फरशा बसवल्या. शेवटी झळकदार बोर्ड लागला: 'या कामात एकही झाड तोडलेलं नाही.'

बोर्ड खोटा नव्हता. पण वळणावरचा मोठा करंज दोन पावसाळ्यांनी शेंड्याकडून वाळायला लागला आणि तिसऱ्या वर्षी खलास झाला. चर त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावरून गेला होता. झाड कुणी तोडलं नाही, त्याची मुळं तोडली. ते मात्र बोर्डवर लिहिलेलं नव्हतं.

झाड जमिनीखाली किती पसरलेलं असतं?

आपल्याला वाटतं, मुळं सरळ खोल जातात. प्रत्यक्षात बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटीमीटर मातीतच असतात. पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं तर त्याहून वर, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात.

मग किती जागा सोडायची? ब्रिटनच्या 'बीएस ५८३७' या मानकात एक सोपा हिशोब आहे: छातीच्या उंचीवर खोडाचा जेवढा व्यास, त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ शक्यतो हात न लावता सोडायचं. म्हणजे खोड ५० सेंटीमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी ६ मीटर. क्षेत्रफळ काढलं तर सुमारे ११३ चौरस मीटर. एका झाडासाठी मोठ्या फ्लॅटएवढी जागा!

आता तुलना बघा. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढून १ मीटर जागा मोकळी करायला सांगितलं. शहरात तेवढंही मिळणं मुश्कील असतं, म्हणून तो आदेश महत्त्वाचाच. पण १ मीटर आणि ६ मीटर यांत केवढा फरक आहे!

दाट झाडीत अशी वर्तुळं एकमेकांत मिसळलेली असतात. पूर्ण मोकळी जागा सापडतच नाही. म्हणून वाट उचलून खांबांवर घ्यायची. जमिनीवरचा रस्ता सलग पट्टा खातो, खांब फक्त ठिपके खातात. उंच वाटेमागची सगळी कल्पना हीच.

ठिपके कुठे द्यायचे?

पहिलं काम मोजणीचं. फोनवरचं जीपीएस दाट झाडीखाली पाच-दहा मीटर सहज चुकतं. इथे तर एका मीटरने ठरतं की खांब मुळांवर बसणार की बाजूला. त्यामुळे टोटल स्टेशन नावाचं मोजणीयंत्र लावतात किंवा लायडार वापरतात. लायडार लेझरचे असंख्य ठिपके सोडतं, त्यातले काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात आणि झाडांसकट जमिनीचा थ्रीडी नकाशा तयार होतो. याचीच छोटी आवृत्ती २०२० पासून आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये आहे. या नकाशात प्रत्येक खोडाभोवती ते १२ पटीचं वर्तुळ काढायचं आणि वाट त्यांच्या मधून वळवत न्यायची. चांगली निसर्गवाट नागमोडी दिसते त्याचं एक कारण हे.

दुसरा प्रश्न पायाचा. नेहमीची पद्धत म्हणजे खड्डा खणून काँक्रीट भरणं. जंगलात ती सगळ्यात वाईट. त्याऐवजी मऊ मातीत स्क्रू पाइल वापरता येतो. हा म्हणजे एक मोठा लोखंडी स्क्रू, जो छोट्या मशीनने जमिनीत पिळत नेतात. खड्डा नाही, काँक्रीट नाही आणि उद्या वाट काढायची ठरली तर उलटा फिरवून बाहेर. तंत्र नवीन नाही, अलेक्झांडर मिचेल यांनी १८३० च्या दशकात ते समुद्रातल्या दीपगृहांसाठी आणलं. पण सह्याद्रीत आणि मुंबईत मातीखाली लगेच काळा पाषाण लागतो, तिथे स्क्रू घुसत नाही. मग मायक्रोपाइल, म्हणजे खडकात बारीक भोक पाडून त्यात सळई किंवा पाइप बसवून सिमेंटने भरायचं. परत काढता येत नाही, पण भोक वीतभर किंवा त्याहून थोडंच मोठं असतं.

खांब कमी केले की झालं?

'मग खांब लांब लांब ठेवा ना!' मलाही आधी असंच वाटलं होतं. पण हिशोब तसा नाही.

दोन खांबांमधल्या अंतराला गाळा म्हणतात. गाळा ६ मीटरचा १२ मीटर केला तर १०० मीटरमध्ये खांबांच्या रांगा जवळपास निम्म्या होतात. पण तेवढ्याच भाराला तुळईच्या मध्यावरचा वाकवणारा जोर चौपट होतो. आणि तुळई तीच ठेवली तर तिचा झोल १६ पट! म्हणजे तुळई जाड हवी, ती जड होणार आणि ती उचलायला मोठी क्रेन लागणार. क्रेनला आत जायला रस्ता हवा, आणि तो रस्ता झाडांमधूनच जाणार. चार खांब वाचवायला गेलो आणि क्रेनसाठी पट्टा साफ केला, असं व्हायला नको.

सिंगापूरच्या मॅकरिची राखीव जंगलात २००४ मध्ये यावर वेगळा उपाय केला. दोन उंच टेकड्यांमध्ये २५० मीटरचा झुलता पूल टांगला. मध्ये एकही खांब नाही, जमिनीपासून उंची २५ मीटरपर्यंत. पण हा पूल अरुंद आहे आणि त्यावरून एकाच दिशेने जाता येतं. व्हीलचेअरसाठी तो नाही. तिथल्याच सदर्न रिजेसवरची 'फॉरेस्ट वॉक' ही १.३ किलोमीटरची वाट मात्र स्टीलच्या खांबांवर हलक्या चढाने जाते, म्हणजे आजी-आजोबांनाही जमते. दोन्ही बरोबर आहेत. जागा कोणती आणि येणार कोण, यावर ते ठरतं.

बांधतानाचा घोळ

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान उद्घाटनाआधीच होतं. जेसीबी आणि ट्रक एकदा फिरले की माती दाबली जाते, तिच्यातली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. वरून काहीच दिसत नाही. झाड दोन-तीन वर्षांनी सांगतं.

उपाय माहीत आहेत. भाग कारखान्यात तयार करायचे, जागेवर फक्त नट-बोल्टने जोडायचे. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानात २०१४ मध्ये सुरू झालेली १३० मीटरची वाट अशीच आधी तुकड्यांत घडवून मग जागेवर बसवली. तिचं टोपणनाव 'बूमस्लांग', म्हणजे झाडावरचा साप. आणखी एक पद्धत आहे: झालेल्या वाटेवरच छोटं यंत्र उभं करून पुढचा गाळा बसवायचा, मग यंत्र त्यावर सरकवून त्याच्या पुढचा. वाट स्वतःचाच रस्ता होते आणि जमिनीवर चाक लागत नाही. वेळ जास्त लागतो, पैसाही. म्हणूनच ही अट टेंडरमध्ये लिहिलेली असावी लागते, नाहीतर कंत्राटदार सोपा मार्ग घेणारच.

स्टीलचं काय काय सांभाळायचं?

स्टील कमी जाडीत जास्त भार घेतं, बोल्ट काढून परत वापरता येतं. पण ते फुकट येत नाही. भारतात एक टन स्टील बनवताना सरासरी सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. मीटरला २०० किलो स्टील धरून चालू. मग एक किलोमीटरच्या वाटेला २०० टन स्टील आणि ५०० टन कार्बन डायऑक्साइड. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'हरित स्टील'ची व्याख्या केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेलं स्टील. निसर्गाच्या नावाने बांधलेल्या वाटेत निदान ते तरी मागायला हवं.

स्टील तापलं की वाढतं. मलबार हिलएवढी ४८५ मीटरची सलग स्टीलची वाट असती आणि तापमान ३० अंशांनी बदललं असतं, तर लांबी सुमारे १७ सेंटीमीटरने बदलली असती. म्हणून मध्ये सरकते सांधे ठेवावे लागतात.

गंज तर आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत ठरलेलाच. त्यावर जस्ताचा मुलामा देतात. जागेवर वेल्डिंग केलं की तो जळतो, हेही बोल्ट वापरायचं एक कारण. जस्त पावसासोबत थोडं थोडं खाली झिरपतं आणि शेवाळाला ते चालत नाही, म्हणून जस्तावर रंगाचा थर दिलेला बरा.

मजला: फळी की जाळी?

सलग फळ्यांचा मजला चालायला छान. पण वाट जमिनीलगत असेल तर तिच्याखाली कायमची सावली होते, पाऊस नीट पोचत नाही आणि खालची रोपं मरतात. सिंगापूरच्या फॉरेस्ट वॉकवर लोखंडी जाळी आहे. तिच्यातून ऊन-पाणी खाली जातं, झुडपं वाढतात. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांची मात्र पंचाईत होते. उंची वाढवली तर बाजूने उजेड येतो आणि फळ्याही चालू शकतात.

रात्रीचे दिवे हा वेगळाच विषय. पांढरा झगझगीत उजेड किडे आणि वटवाघळांचं वेळापत्रक बिघडवतो. दिवे हवेतच तर कठड्याच्या आत, खाली वळलेले, पिवळसर आणि वाट बंद झाली की बंद.

आणि शेवटी आपण

पादचारी पुलावर गर्दी जमू शकते अशा ठिकाणी चौरस मीटरला ५०० किलो भार धरून डिझाइन करतात. या हिशोबाने मलबार हिलएवढ्या वाटेला एकूण ५८० टनांच्या वर भार धरावा लागेल. तिथे तासाला २०० जणांची मर्यादा आहे. २०० माणसांचं वजन १३ टनांच्या आसपास. म्हणजे वाट मोडेल म्हणून ही मर्यादा नाही. आवाज, रेटारेटी आणि कचरा यांच्यासाठी ती आहे, आणि मला ती त्या वाटेची सगळ्यात चांगली गोष्ट वाटली.

भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे बघायला किती गर्दी होते, माहीतच आहे. काजव्यांच्या अळ्या जमिनीवर आणि मातीत वाढतात, आपण अंधारात त्यांच्यावरूनच चालत असतो. पाय जमिनीला न लागणं याची किंमत तिथे कळते. पण वाट उंच केली, वर्दळ दहापट झाली आणि लोक कठडा ओलांडून खाली उतरू लागले, तर उपयोग काय?

म्हणून तुमच्या टेकडीवर अशी वाट येणार असेल, तर नुसती लाइक करू नका. पाच प्रश्न विचारा. झाडांचा आणि मुळांचा नकाशा आधी केला का? पाया कोणता, खणणार किती? क्रेन आणि ट्रक कुठून जाणार? मजल्यातून ऊन-पाणी खाली पोचणार का? एका वेळी किती माणसं सोडणार? माहिती अधिकारात साधा अर्ज करूनही हे विचारता येतं.

आणि आणखी एक करा. काम सुरू व्हायच्या आधी त्या वाटेवरच्या झाडांचे फोटो काढून ठेवा, लोकेशन चालू ठेवून. तीन वर्षांनी त्याच जागी उभं राहून परत काढा. आमच्या करंजाचा आधीचा एकही नीट फोटो माझ्याकडे नाही. असता तर बोर्डशेजारी लावला असता.