परवानगीचे दार कोठे आहे?

साखर कारखान्यात पाक आटविला जातो तो निर्वात पात्रात. हवेचा दाब उतरविला की पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, त्याला पाऊणशे वर्षे झाली. एवढ्या काळात निर्वात पंप, पोलादी टाकी, न गळणारा जोड या गोष्टी अहिल्यानगर जिल्ह्याच्या अंगवळणी पडल्या आहेत. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत विजेची उपकरणे घडविणारे कुशल हातही आहेत.

हे सांगण्याचे कारण असे की, घरच्या शेडमध्ये अणुसंमीलन घडविण्यासाठी लागणारी सामग्री आणि कसब याच जातीचे आहे. ‘फ्यूजर’ नावाचे हे यंत्र दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक, फायलो फार्न्सवर्थ यांनी १९६० च्या दशकात विकसित केले. हवा काढून घेतलेल्या पोलादी गोळ्यात तारांची लहान जाळी असते. आत ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, अत्यल्प प्रमाणात सोडला जातो आणि जाळीला हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला जातो. अणुकेंद्रे जाळीच्या मध्याकडे झेपावतात. त्यांतील काही एकमेकांवर आदळून जुळतात आणि न्यूट्रॉन बाहेर पडतात. अमेरिकेतील मेम्फिस येथील एका मुलाने वयाच्या बाराव्या वर्षी, २०१८ मध्ये, हे घरी करून दाखविले. या यंत्रातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा त्याला द्यावी लागणारी वीज कितीतरी पटींनी अधिक असते. तेव्हा ‘घरच्या घरी फुकट वीज’ असे कोणी सांगू लागला, तर त्याला दारातूनच नमस्कार करावा. पण शिकण्याचे साधन म्हणून हे यंत्र अस्सल आहे, आणि कोपरगावच्या किंवा राहुरीच्या एखाद्या हुशार मुलाला उद्या ते बनवावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

‘अणु’ हा शब्द ऐकताच डोळ्यांपुढे हिरोशिमा उभे राहते. ती भीती येथे अस्थानी आहे. या यंत्राचा स्फोट होऊन गाव उद्ध्वस्त होत नाही. वीज तोडली की संमीलन त्याच क्षणी थांबते. खरा धोका याहून साधा आहे आणि म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो. पहिला मारेकरी वीज. मायक्रोवेव्ह भट्टीतील ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी उमटविण्याच्या छंदाने अमेरिकेत तिसाहून अधिक बळी घेतले आहेत, आणि तेथील दाब दोन हजार व्होल्टच्या आसपास असतो. फ्यूजरमध्ये तो वीस ते चाळीस हजारांवर जातो. यंत्र बंद केल्यावरही संधारित्रात प्राणघातक भार शिल्लक राहू शकतो. त्यानंतर क्ष-किरण. आतली जांभळी प्रभा पाहण्यासाठी काचेची खिडकी ठेवलेली असते. मूल तेथूनच डोकावते आणि क्ष-किरण मुख्यतः तेथूनच बाहेर येतात. न्यूट्रॉनांना तर रंग नाही, वास नाही. उपकरणाने मोजल्याखेरीज त्यांचा पत्ता लागत नाही.

किरणोत्सर्ग निर्माण करणारे यंत्र, मग ते दंतवैद्याच्या खोलीतील का असेना, आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अनुमतीखाली येते. ही निष्कारण अडवणूक नव्हे. दिल्ली विद्यापीठाने भंगारात काढलेल्या एका जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० एप्रिल २०१० मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात सापडले; एका कामगाराचा त्यात जीव गेला आणि अनेक जण होरपळले. नामवंत संस्थेच्या हातून असे घडू शकते, तर वाड्याच्या परसात काय होईल? नियम हवेतच. मात्र ते लिहिताना डोळ्यांपुढे असतात ती रुग्णालये, कारखाने आणि प्रयोगशाळा. सुरक्षा अधिकारी नेमू न शकणारा, पदरचे पैसे घालून काही घडवू पाहणारा एकटा माणूस त्यांत कोठे बसतो?

विमानाच्या बाबतीत महाराष्ट्राने दोन्ही टोके पाहिली आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये एक चोवीस वर्षांचा वेल्डिंग कारागीर स्वतः बनविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत असताना पाते तुटून डोक्याला मार लागला व तो दगावला. दुसरीकडे, कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव वर्षानुवर्षे कार्यालयांचे उंबरठे झिजवीत राहिले. २०१७ मध्ये त्यांच्या विमानाची नोंदणी झाली आणि २०१९ मध्ये उड्डाण चाचणीची अनुमती मिळाली. विलंब लाजिरवाणा होता. तरी ठोठावण्यासाठी एक दार होते. फुलसावंगीच्या तरुणाला हेल्मेट घाल, आधी पाते तपासून घे, एवढे सांगणारा जाणकार भेटला असता तर?

केवळ दरारा निर्माण करणारी व्यवस्था माणसाला लपवायला शिकविते. स्वीडनमध्ये २०११ साली एका गृहस्थाने स्वयंपाकघरात अणुविभाजनाचा खटाटोप केला आणि मग हे कायद्यात बसते काय, असे स्वतःहूनच नियामकाला विचारले. उत्तरादाखल पोलीस दारात आले. त्याचा उद्योग घातक होता, त्याला थांबविणे आवश्यकच होते. परंतु ही बातमी वाचणारा पुढचा माणूस विचारायला जाईल काय? इंग्लंडमधील प्रेस्टनच्या एका शाळेने निराळे केले. विद्यापीठांनी दाद न दिलेल्या तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याला मुख्याध्यापकांनी धास्तावतच पैसे आणि प्रयोगशाळा दिली, आणि २०१४ मध्ये त्याने शिक्षकांच्या नजरेखाली संमीलन घडविले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या जागी ‘शांती’ कायदा संमत केला. त्याने खासगी उद्योगाला अणुवीज क्षेत्र खुले केले आणि नियामक मंडळाला वैधानिक अधिष्ठान दिले. मोठ्या अणुभट्ट्यांसाठी नियमावली लिहिणाऱ्यांनी त्यात एक पान हौशी माणसासाठी राखावे. हेतू कळविण्याचा सोपा अर्ज, विशिष्ट दाबापुढे घरी प्रयोग करण्यास स्पष्ट मनाई आणि त्यापुढचे काम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत करण्याची वाट, एवढे त्यात असले तरी पुरे. जड पाण्याचा भारत जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. रायगड जिल्ह्यात थळ येथे त्याचा कारखानाच आहे. पण ड्युटेरियम नियंत्रित पदार्थ आहे आणि तसाच राहावा. तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर जाण्याचे कारण नाही.

अहिल्यानगरपुरते पाहिले तर वाट फार लांबची नाही. येथील महाविद्यालये ज्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याच्या भौतिकशास्त्र विभागाला इलेक्ट्रॉन त्वरक चालविण्याचा अनुभव आहे. किरणोत्सर्ग मोजायचा कसा आणि भिंत किती जाड हवी, हे जाणणारी माणसे तेथे आहेत. जिल्हा विज्ञान प्रदर्शनात असा प्रकल्प घेऊन मुलगा आला, तर परीक्षकांनी पारितोषिक देऊन किंवा दटावून त्याला घरी धाडू नये. शिक्षकासह पुण्याला धाडावे. आणि मुलाच्या खोलीत निर्वात पंप दिसला, तर आईवडिलांनी आधी एवढेच विचारावे की, वीज कोठून घेणार आहेस, आणि ती बंद करणारा दुसरा माणूस खोलीत कोण असेल?