न वाचलेली संहिता

साहित्य शिकणारा आणि शिकवणारा आपला वर्ग 'संहिता' या शब्दावर फार प्रेम करतो. कवितेतल्या एका स्वल्पविरामावर आपण तासभर बोलू शकतो. कादंबरीचा निवेदक काय सांगतो, यापेक्षा तो काय दडवतो, यावर आपण प्रबंध लिहितो. हाच वर्ग स्वतःच्या पुस्तकाचा प्रकाशनकरार मात्र वाचत नाही. तो थेट सही करतो.

मीही याला अपवाद नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांच्या कार्यालयात चहा येईपर्यंत मी चार पानांवर सह्या केल्या आणि चहा संपेपर्यंत आम्ही मुखपृष्ठाविषयी बोललो. आठ वर्षांनी पुस्तक दुकानांतून नाहीसे झाले. दुसरे एक प्रकाशक नवी आवृत्ती काढायला तयार होते, म्हणून तो कागद शोधून काढला. त्यात सर्व हक्क कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी मी देऊन टाकल्याचे स्वच्छ मराठीत लिहिलेले होते. मला कोणी फसवले नव्हते. मी वाचले नव्हते, एवढेच.

'संपूर्ण मुदत' म्हणजे किती? भारतीय कायद्यानुसार लेखकाचे आयुष्य आणि मृत्यूनंतरची ६० वर्षे. तिसाव्या वर्षी सही करणारा लेखक ऐंशीपर्यंत जगला, तर त्या दोन शब्दांचे वजन ११० वर्षांचे होते. चहा थंड होण्याआधी आपण नातवंडांच्या वतीनेही सही करून मोकळे होतो.

असे का होते? 'आपले घरचे संबंध आहेत', 'कलमे कसली तपासायची, तो काही घराचा व्यवहार आहे का' ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत, उच्चारलीही आहेत. करार वाचायला दोन दिवस मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, अशी आपली समजूत आहे. भीड ही भिकेची बहीण, हे आपले पूर्वज सांगून गेले. आपण भिडेला सुसंस्कृतपणा म्हणू लागलो. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याशी केलेला करार तर अधिक निवांतपणे वाचता यायला हवा. शिवाय विश्वास माणसावर असतो आणि करार संस्थेशी असतो. माणूस निवृत्त होतो, संस्था विकली जाते, पुढची पिढी गादीवर येते. तेव्हा संबंध उरत नाहीत, कागद उरतो.

आता साहित्याच्या अभ्यासकाला खरोखर रस वाटावा अशी गोष्ट. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १९वे कलम संहितेतील मौनाचा अर्थ लावते. हक्कांच्या हस्तांतरणाची मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता मानला जातो. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर ते हस्तांतरण संपुष्टात येते; करारात वेगळे काही नमूद नसेल तर. (१९९४च्या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना हे लागू नाही, हे दिवंगत लेखकांच्या वारसांनी ध्यानात ठेवावे.) २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक आधार दिला: करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज त्यातले हक्क जात नाहीत.

याचा अर्थ नीट पाहा. या बाबतींत करार जिथे गप्प आहे, तिथे कायदा बहुधा लेखकाच्या बाजूने बोलतो. धोका लिहिलेल्या शब्दांत आहे: 'कायमस्वरूपी', 'जगभर', 'ज्ञात व भविष्यात येणाऱ्या सर्व माध्यमांत', 'कलम १९मध्ये काहीही असले तरी'. हे शब्द शोभेसाठी आलेले नसतात. कायद्याने लेखकाला दिलेले एकेक दार बंद करण्यासाठी ते नेमून ठेवलेले असतात.

रॉयल्टीचे कलम असेच आहे. दहा टक्के, हा आकडा आपण वाचतो. कशाचे दहा टक्के, हे वाचत नाही. ३०० रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे ३० रुपये. तेच पुस्तक वितरकाला ४० टक्के सवलतीने गेले आणि करारात 'निव्वळ प्राप्ती' असे असले, तर १८ रुपये. पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत मिळतील, हे कलमही आता पुरेसे नाही. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, तेव्हा कोणतेही पुस्तक कागदोपत्री कायम 'उपलब्ध' राहू शकते. वर्षभरात अमुक प्रती खपल्या नाहीत तर हक्क परत, असा आकडाच लिहून घेतला पाहिजे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: मराठीत पाचशे प्रतींची आवृत्ती निघते, त्यात कसली कलमे घेऊन बसलात? हा युक्तिवाद उलटा आहे. पैसा थोडा आहे म्हणूनच लेखकाजवळ हक्कांखेरीज दुसरे काही नाही. त्याला पुस्तक जिवंत राहायला हवे असते. ते अनुवादात जावे, अभ्यासक्रमाला लागावे, कोणीतरी पुन्हा छापावे. लहान प्रकाशकाची ओढाताण खरी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. पण पाच वर्षांचा करार केल्याने कोणताही लहान प्रकाशक बुडत नाही. आपल्या भाषेत 'मानधन' या शब्दाने मोठा घोळ केला आहे. त्यातला मान इतका पुढे येतो की धनाविषयी विचारणे असभ्य ठरते. 'स्वामित्वधन' हा शब्द निदान स्वामी कोण, याची आठवण तरी ठेवतो.

सही झाल्यावर सगळेच संपते असेही नाही. आपले नाव आणि आपल्या कृतीची अविकृतता यांवरचा हक्क ५७व्या कलमानुसार हस्तांतरणानंतरही लेखकाकडे राहतो. मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वरील चित्रपटाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९८६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे कलम कराराच्या अटींहून वरचढ ठरवले. पण प्रत्येक लेखकाने न्यायालयात जावे, हा काही उपाय नव्हे.

उपाय आधीचा आहे, आणि तो आपल्या हातातला आहे. पदोन्नतीच्या घाईत नियतकालिकांचे हक्कहस्तांतरणाचे अर्ज भरणारे, आणि पुढे आपलाच लेख आपल्याच संग्रहात घ्यायला परवानगी मागणारे प्राध्यापक आपल्यातच आहेत. त्यांनी एम.ए.च्या वर्गात एक तास एखादा प्रकाशनकरार वाचायला घ्यावा. कोण बोलतो आहे, कोणासाठी बोलतो आहे, कशाविषयी गप्प आहे, हे प्रश्न विद्यार्थ्यांना नवे नाहीत. ते फक्त कवितेपुरते राखून ठेवायचे, असे आपणच त्यांना शिकवले.