सर्वांनी लिहावयाची वही

आपल्या घरांतील पुढची पिढी आता केवळ कापड, धान्य वा सराफीच्या पेढीवर बसत नाही. पुण्या-मुंबईच्या आणि बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत आपली अनेक मुले-मुली वरिष्ठ पदांवर आहेत. काहींनी स्वतःच्या कंपन्या काढल्या आहेत. या कंपन्यांत 'विकी' नावाची एक सोय पुष्कळदा असते, आणि बहुधा ती पडून असते. उभारताना उत्साह असतो, महिन्याभरात तिच्याकडे कोणी फिरकत नाही. दोष यंत्राचा क्वचितच असतो. वरिष्ठांना ती वापरावयास कोणी शिकवलेलेच नसते.

विकी म्हणजे कार्यालयातील सर्वांना वाचता येईल आणि सर्वांना दुरुस्तही करता येईल अशी संगणकावरील पाने. वाचता वाचता चूक दिसली, तर 'संपादन' हे बटण दाबावे, चूक सुधारावी आणि जतन करावे. कोणाकडे अर्ज नाही, कोणाची वाट पाहणे नाही. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने 25 मार्च 1995 रोजी अशी पहिली वही खुली केली. प्रोग्रामरांनी आपले अनुभव परस्परांसाठी लिहून ठेवावेत, एवढाच तिचा हेतू होता. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे त्वरित. होनोलुलूच्या विमानतळावरील 'विकी विकी' बसवरून त्याने हे नाव उचलले.

आपल्यासारख्या व्यापारी मनाला येथे पहिली शंका येते, आणि ती रास्त आहे. कीर्द-खतावणी लिहिणारा हात एकच असावा, तीत खाडाखोड नसावी, हा आपला पिढीजात शिरस्ता. मग कोणीही येऊन काहीही बदलावे, ही कसली वही? परंतु चांगला दिवाणजी चुकलेली नोंद खरवडून काढीत नाही. तो उलट नोंद करतो. चूक आणि दुरुस्ती दोन्ही वहीत राहतात. विकीचे अंतरंग नेमके असेच आहे. प्रत्येक पानामागे त्याचा 'इतिहास' असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला हे तेथे दिसते, आणि जुनी आवृत्ती क्षणात परत आणता येते. वरिष्ठांना शिकवताना पहिला पाऊण तास याच एका गोष्टीवर खर्च करावा, असे माझे मत आहे. हा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून मनातील भीती जात नाही.

भीतीला आधार नाही असे नव्हे. जून 2005 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स' या वृत्तपत्राने इराक युद्धावरील आपला अग्रलेख विकीवर ठेवून वाचकांना तो सुधारण्याचे आवाहन केले. दोन-तीन दिवसांत अश्लील चित्रांचा भडिमार झाला आणि प्रयोग गुंडाळावा लागला. मात्र तेथे लिहिणारे अनोळखी होते. कार्यालयात प्रत्येक बदलाखाली कर्मचाऱ्याचे नाव असते. अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थांनी 2006 मध्ये 'इंटेलिपीडिया' ही अंतर्गत विकी जाहीर केली, तेव्हा निनावी लेखनाला मज्जावच केला. गुपिते राखणे हाच ज्यांचा धंदा, अशा संस्थांना जर आपापली माहिती एका वहीत आणावीशी वाटली, तर आपल्या विक्री विभागाने आणि गोदामाने परस्परांपासून काय लपवावे? (पगार, पासवर्ड आणि ग्राहकांचे खाजगी तपशील मात्र तेथे कदापि लिहू नयेत.)

दुसरा अडथळा अधिक सूक्ष्म आहे आणि अधिक घातक. वरिष्ठ अधिकारी विकी उभारतो आणि लगेच तिला मंजुरीचे दरवाजे बसवतो: कनिष्ठाने लिहावे, विभागप्रमुखाने तपासावे, संचालकाने संमती द्यावी. विकिपीडियाचा पूर्वज याच रोगाने दगावला. 2000 साली सुरू झालेल्या 'न्यूपीडिया' या ज्ञानकोशात प्रत्येक लेख विद्वानांच्या परीक्षणाच्या सात पायऱ्या चढून जावा लागे. लेख फार थोडे सिद्ध झाले. त्याला पुरवठा व्हावा म्हणून 15 जानेवारी 2001 रोजी विकिपीडिया उघडला गेला. मूळ कोश 2003 मध्ये बंद पडला आणि पुरवणी जगभर पसरली. तपासणी हवीच, परंतु ती लिहून झाल्यावर. जेथे चूक परत फिरवता येते, तेथे आधी अडवण्याचे प्रयोजन उरत नाही.

उभारणीचे काम मानले जाते तितके अवघड नाही. विकिपीडिया ज्यावर चालतो ते 'मीडियाविकी' विनामूल्य आहे. मात्र त्याला डेटाबेस लागतो आणि देखभाल करणारा जाणकार लागतो. लहान संस्थेसाठी 'डोकुविकी' सोयीची: तिची पाने साध्या मजकुराच्या फाइलींत राहतात, त्यामुळे एक फोल्डर उतरवून घेतले की पानांची दुसरी प्रत तयार. पैसे मोजण्याची तयारी असेल तर 'कॉन्फ्लुअन्स'सारखी साधनेही आहेत. निवडीवर तीन-तीन महिने खल करणाऱ्या समित्या मला अनाठायी वाटतात.

खरे शिक्षण पुढे आहे. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' हे सुरेख नाव आहे. लहानपणी ज्या धुळीवर बोटाने अक्षरे गिरवली जात, तीच ही. वरिष्ठांना या धूळपाटीवर स्वतःच्या हाताने बसवावे. सचिवाला पाठवून भागत नाही. कोऱ्या पानावर 'काहीतरी लिहा' असे सांगितले तर मोठमोठे अधिकारी अवघडून बसतात. त्यापेक्षा कार्यालयातीलच एखादी कार्यपद्धती, जसे की माल परत आला तर काय करावे, मुद्दाम अपुरी आणि थोडी चुकीची लिहून ठेवावी. ज्याला खरे ठाऊक आहे, त्याला चुकीचे वाचून राहवत नाही. तो आपोआप 'संपादन' दाबतो. नंतर त्याच्या मजकुरात दुसऱ्याने भर घालावी, तीही त्याच्यादेखत.

हा क्षण कसोटीचा असतो. वीस वर्षे ज्याच्या शब्दाला कोणी हात लावला नाही, त्याचे वाक्य काल रुजू झालेली मुलगी दुरुस्त करते. त्याने हसून ते मान्य केले तर विकी जगली. कपाळाला आठी घातली तर दुसऱ्या दिवसापासून कोणी लिहिणार नाही, आणि तसे कोणी बोलूनही दाखवणार नाही. मतभेद असेल तर मीडियाविकीत प्रत्येक पानाला जोडलेले चर्चेचे पान असते. तेथे कारण लिहावे, परस्पर मजकूर पुसू नये.

हे सारे कशासाठी? एखादा जुना माणूस निवृत्त होतो वा अकस्मात आजारी पडतो आणि कोणत्या ग्राहकाला उधारी किती दिवसांची, कोणता सर्व्हर कोणत्या क्रमाने सुरू करावा, कोणत्या पुरवठादाराचा माल उघडून पाहावा, हे सारे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. आपल्या पेढ्यांनी हा अनुभव घेतलेला आहे. संगणक कंपन्यांत तर माणसे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, तेथे तो वारंवार येतो. म्हणून संचालकाने एक नियम पाळावा: कार्यपद्धतीविषयी कोणी ईमेलने प्रश्न विचारला, तर उत्तर विकीच्या पानावर लिहावे आणि ईमेलमध्ये केवळ त्या पानाचा दुवा धाडावा. बैठकीची विषयपत्रिकाही तेथेच ठेवावी. ज्याला ती हवी, त्याला तेथे जावेच लागेल.

जुनी पाने कुजतात, हेही ध्यानात असावे. विकीला माळी लागतो: दुहेरी पाने एकत्र करणारा, मेलेले दुवे काढणारा, नावे सुधारणारा. हे काम नव्या माणसाकडे द्यावे. पहिल्या आठवड्यात त्याने पाने वाचावीत आणि जे समजले नाही ते विचारून तेथेच नीट लिहून ठेवावे.